क्लीव्हलंडांतील एक खाणावळ

ज्याचें सारें आयुष्य खडू आणि फळा यांच्या सहवासांत गेलें, तो मनुष्य परमुलखांत गेला तरी आधीं शाळा कोठें आहे हें पाहतो, असें म्हणतात तें खोटें नाहीं. सन २०१८ च्या उन्हाळ्यांत आम्ही सपत्नीक अमेरिकेंतील ओहायो प्रांतीं, क्लीव्हलंड शहरीं, आमच्या चिरंजीवांकडे तीन महिने राहण्यास गेलों होतों. चिरंजीव आणि सूनबाई दोघेंही सकाळीं कामावर जात. मागें आम्ही दोन म्हातारीं माणसें आणि टेबलावर पसरलेला शहराचा नकाशा. त्या नकाशांत कायाहोगा नदीच्या पश्चिम कांठावर ट्रेमाँट नांवाची एक जुनी वस्ती आहे. तेथील रस्त्यांचीं नांवें वाचून आमचे डोळे लकाकले. एक 'प्रोफेसर' मार्ग, एक 'कॉलेज' मार्ग, एक 'लिटररी' म्हणजे साहित्यमार्ग, आणि नदीच्या दरीच्या कडेनें जाणारा 'युनिव्हर्सिटी' मार्ग! असें सरस्वतीचें माहेरघर इतक्या जवळ असतां तें पाहिल्याशिवाय परत जाणें आमच्या पेशास शोभलें नसतें.

रात्रीं जेवतांना आम्हीं चिरंजीवांस विचारलें, "त्या विद्यापीठांत बाहेरच्या मनुष्यास जाऊं देतात काय?" चिरंजीव हंसले आणि म्हणाले, "बाबा, तें विद्यापीठ बुडून दीडशें वर्षांवर झालीं. आतां तेथें विद्यापीठाच्या नांवाची एक खाणावळ मात्र आहे."

हकीकत अशी कीं, १८५० च्या सुमारास त्या टेकाडावर खरोखरच एक विद्यापीठ स्थापन झालें होतें. त्याच्या भरभराटीच्या आशेनें रस्त्यांस तशीं नांवें देण्यांत आलीं. विद्यापीठ थोड्याच वर्षांत बंद पडलें, नांवें राहिलीं. पुढें त्या विद्वान् नांवांच्या रस्त्यांवर पोलंड, युक्रेन, स्लोव्हाकिया, रशिया अशा देशांतून आलेले गरीब कामकरी राहूं लागले, कारण खालीं दरींत लोखंड-पोलादाचे कारखाने होते. त्या कामकऱ्यांत सोकोलोव्स्की आडनांवाचें एक पोलिश जोडपें होतें. पतीचें नांव मायकेल, पत्नीचें व्हिक्टोरिया. या उभयतांनीं १९२३ सालीं युनिव्हर्सिटी मार्गावर एक उतारगृह व पानगृह काढलें आणि रस्त्याचें नांव त्यास जोडून 'सोकोलोव्स्कीज् युनिव्हर्सिटी इन्' अशी पाटी लाविली. विद्यापीठ पाहण्याचा आमचा संकल्प अशा रीतीनें खाणावळ पाहण्यावर आला.

एका शुक्रवारीं चिरंजीवांनीं अर्ध्या दिवसाची रजा घेतली व आम्हां सर्वांस घेऊन ते निघाले. रस्ता जेथें संपत आला, तेथें दरीच्या अगदीं कडेला तें बसकें, साधें घर होतें. शेजारून नदीवरचा प्रचंड पूल जात होता. खालीं कायाहोगा नदी सर्पाकार वळणें घेत गेलेली, तिच्या कांठीं कारखाने आणि राशी, पलीकडे शहराच्या उत्तुंग इमारती. हीच ती नदी, जी कारखान्यांच्या तेलकट घाणीनें १९६९ सालीं पेटली होती. पाण्यास आग लागल्याचें आम्ही मुलांना भूगोलाच्या तासाला सांगत असूं आणि मुलें विश्वास ठेवीत नसत. तें पाणी आतां शांतपणें वाहत होतें.

आंत शिरण्यापूर्वीं या लोकांविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपल्याकडे १७९५ सालीं खर्ड्याची लढाई झाली. त्याच वर्षीं युरोपांत पोलंडचें राज्य रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तिघांनीं तिसऱ्या खेपेस वांटून घेतलें आणि तें नकाशावरून नाहींसें झालें. तें पुनः उदयास आलें १९१८ सालीं. मधल्या सव्वाशें वर्षांत ज्यांना देश नव्हता असे लक्षावधि पोलिश लोक अमेरिकेस गेले. जहाजांतून उतरतांना त्यांच्यापाशीं धन नव्हतें, राजमुद्रा नव्हती. भाषा होती, धर्म होता आणि आईच्या हाताखालीं शिकलेला स्वयंपाक होता. भाषा मुलांच्या पिढींत अर्धी झाली, नातवांच्या पिढींत लोपत चालली. स्वयंपाक मात्र टिकला. त्याचें कारण त्या लहानशा घरांत आम्हांस प्रत्यक्ष दिसलें.

दाराशीं लांब रांग होती. तींत डोक्यावर टोप घातलेले कामगार होते, शहरांतील कचेऱ्यांचे टायवाले होते, काठी टेकीत आलेल्या दोन वृद्धा होत्या. सर्वांना एकच नियम. प्रत्येकानें हातांत तबक घ्यावें आणि कठड्याच्या कडेनें पुढें सरकावें. पलीकडे वाफाळणारीं भांडीं, आणि त्यांच्यामागें उभी असलेली मंडळी मागाल तें वाढणार. ही पद्धत चालकांनीं पूर्वींपासून ठेविली नव्हती. आरंभीं तें कामकऱ्यांचें पानगृह होतें. अमेरिकेंत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती, तिच्या ऐन मध्यांत तें निघालें, म्हणजे त्या जोडप्याच्या धाडसाची कल्पना करावी. पुढें दुसऱ्या पिढीच्या अमदानींत या रांगेच्या आणि तबकाच्या पद्धतीनें जेवण देण्यास प्रारंभ झाला. कारखान्याच्या कामगारास दुपारची सुटी थोडी. त्यास बसवून, विचारून, शिजवून वाढण्यास सवड कोठली? तेव्हां अन्न आधींच तयार पाहिजे, गरम पाहिजे, पोट भरणारें पाहिजे आणि स्वस्त पाहिजे.

आणि येथेंच पोलिश स्वयंपाकाचा स्वभाव त्यांच्या कामीं आला. तो मुळांत शेतकऱ्यांचा व थंडीच्या मुलखाचा स्वयंपाक. कोबी, बटाटा, कांदा, मैदा, दही-मलई आणि मांस हींच त्याचीं साधनें. सामान हलकें, पण मेहनत भारी. आंबवलेला कोबी मांसाबरोबर तासन्‌तास शिजवून 'बिगोस' करतात, आणि तो दुसऱ्या दिवशीं अधिक चांगला लागतो. कोबीच्या पानांत भात व मांस गुंडाळून 'गोवोंपकी' करतात. या शब्दाचा अर्थ चिमुकलीं कबुतरें. हे पदार्थ मोठ्या भांड्यांत करावे लागतात आणि तसे केल्यानेंच साधतात. चार माणसांच्या घरापेक्षां चारशें माणसांच्या खाणावळीस ते अधिक मानवतात. पैसा थोडा आणि घरचीं माणसें पुष्कळ, अशा कुटुंबास याहून योग्य धंदा कोणता?

आम्ही शाकाहारी, त्यामुळें कबुतरांच्या वाटेस जाण्याचें कारण नव्हतें. शुक्रवार असल्यानें ईरी सरोवरांतल्या माशावर लोकांची झड पडली होती. कॅथॉलिक लोकांत शुक्रवारीं मांस वर्ज्य करण्याची जुनी चाल आहे, तिचा हा अवशेष. आमच्या तबकांत पडल्या त्या 'पिएरोग्या'. त्या पाहतांच आमचें कुटुंब एकदम उद्गारलें, "अहो, ही तर करंजी!"

आणि खरोखरच करंजी. तसाच अर्धचंद्र, तशीच दाबून बंद केलेली कड. गृहिणींच्या माहितीकरितां कृति थोडक्यांत देतों. मैदा कोमट पाण्यांत, कोणी थोडी आंबट मलई घालून, मऊ मळतात. लाटून पेल्याच्या कांठानें चकत्या पाडतात. आंत उकडलेला बटाटा व आपल्या छेन्यासारखें ताजें चीज यांचें सारण, किंवा आंबट कोबी व आळिंबी, किंवा उन्हाळ्यांत निळ्या बोरांसारखीं गोड फळें. कड चिमटीनें दाबून उकळत्या पाण्यांत सोडतात. शिजली म्हणजे ती तरंगून वर येते. मग लोण्यांत तांबूस परतलेल्या कांद्याबरोबर वाढतात. एक करणें सोपें, शंभर करणें कठीण. यामुळें पोलिश बायका एकत्र जमून हें काम करतात. अजूनही क्लीव्हलंडकडील कित्येक चर्चांच्या तळघरांत बायका टेबलाभोंवती बसून पिएरोग्या भरतात आणि त्यांच्या विक्रीवर देवळाचा खर्च भागवितात. आपल्याकडे दिवाळींत वाड्यांतल्या बायका एकमेकींच्या घरीं करंज्यांस जात, तोच प्रकार.

येथें एक गोष्ट वाचकांपासून लपवून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. पुष्कळ ठिकाणीं या मैद्यांत अंडें घालतात, असें चिरंजीवांनीं पहिला घास घेण्यापूर्वींच आम्हांस सांगितलें. आम्ही क्षणभर थांबलों. कुटुंबानें आपलें तबक शांतपणें बाजूस सारलें आणि पाव व कोशिंबीर खाल्ली. त्यांचा निश्चय वाखाणण्यासारखा. आम्हीं मात्र दोन पिएरोग्या खाल्ल्या. दोष असेल तो आमचा. घास तोंडांत गेला आणि लोण्यांत परतलेल्या कांद्याच्या व शिजलेल्या कोबीच्या त्या संमिश्र वासानें आमचें मन क्लीव्हलंड सोडून एकदम कोल्हापुरास, आमच्या मातोश्रींच्या स्वयंपाकघरांत गेलें.

आमचे वडील १९६५ सालीं वारले. त्या वेळीं आम्ही सात वर्षांचे, पाठीवर एक बहीण. मातोश्रींनीं पुढच्या वर्षीं खाणावळ काढली. बाहेरगांवांहून कॉलेजांत शिकण्यास आलेले विद्यार्थी हे तिचे 'मेंबर'. दोन वेळच्या मिळून चाळीस-पन्नास ताटें होत. महिन्याचा हिशेब, न आलेल्या वेळचे खाडे वजा, आजाऱ्याला ताकभात खोलीवर पोंचता. या खाणावळीवर आमची जुनी अकरावी झाली, अध्यापनाची पदविका झाली, बहिणीचें लग्न झालें.

मातोश्री कोबी चिरतांना आम्हांस एक गोष्ट सांगत. दुसऱ्या महायुद्धांत रशियन सत्तेनें पोलंडमधील असंख्य कुटुंबें उचलून सैबेरिया व मध्य आशियांत नेऊन टाकलीं होतीं. त्यांतून सुटलेल्यांपैकीं सुमारें पांच हजार लोक, बहुतेक बायका, मुलें व वृद्ध, इराणमार्गें हिंदुस्थानांत आले. कोल्हापूरजवळ वळिवडे येथें १९४३ पासून १९४८ पर्यंत त्यांची छावणी होती. त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होतें, नाटकें होत. मातोश्री त्या वेळीं दहा-अकरा वर्षांच्या. बाजारांत त्या गोऱ्या बायका आलेल्या त्यांनीं पाहिल्या होत्या. "कोबीचा गड्डा हातांत घेऊन अशा दाबून पाहत कीं, भाजीवाल्याची छाती नव्हती वाईट गड्डा द्यायची," असें त्या म्हणत, आणि पुढें नेहमीं एकच वाक्य: "देश गेला, पण भाजी पारखायची गेली नाहीं." लहानपणीं या वाक्यांत आम्हांस कांहीं विशेष वाटलें नव्हतें. छावणी उठल्यावर ते लोक इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशा देशांत पांगले. त्या जागेंत सिंधी निर्वासित आले, आज तेथें गांधीनगर आहे.

हें सर्व आठवत असतां समोर कठड्यामागें त्या घराण्याची तिसरी पिढी उभी राहून काम पाहत होती. व्हिक्टोरियाबाईंचीं नातवंडें तीं. कारखान्यांतील नोकऱ्या कमी होत गेल्या, पोलिश कुटुंबें पार्मा वगैरे उपनगरांत राहण्यास गेलीं, तरी या नातवंडांनीं धंदा सोडला नाहीं. कामगार घटले तेव्हां पुलापलीकडचे कचेरीवाले आले. ते येत गेले म्हणून कांहीं पाटीवरचें नांव बदललें नाहीं, तबकें जाऊन मेजावर चांदीचे कांटे आले नाहींत. २०१४ सालीं जेम्स बिअर्ड यांच्या नांवें चालणाऱ्या प्रतिष्ठानानें, आपल्या गांवाचें वैशिष्ट्य राखणाऱ्या जुन्या उपाहारगृहांस जो सन्मान देण्यांत येतो, तो या खाणावळीस दिला. अमेरिकेच्या खाद्यव्यवसायांत या प्रतिष्ठानाचा मान मोठा आहे. कामकऱ्यांना कोबी वाढणाऱ्या आजीच्या नांवानें नातवंडांनीं तो स्वीकारला.

आम्हीं काय केलें तें आतां सांगावयास हवें. शाळेच्या रजिस्टरांत मातेच्या व्यवसायापुढें आम्ही 'घरकाम' असें लिहीत असूं. बहिणीच्या लग्नाच्या बोलण्यांत 'चार विद्यार्थी आमच्याकडे जेवतात' एवढेंच सांगितलें. आणि १९८४ सालीं, आमचें लग्न ठरलें तेव्हां, आम्हीं मातोश्रींस स्पष्ट सांगितलें कीं, आतां आम्ही शिक्षक आहों, घरीं सून येणार, दारांत मेंबरांच्या चपला शोभत नाहींत. खाणावळ बंद करावी. आम्हांस वाटलें, आपण आईला विश्रांति देत आहों. त्या कांहीं बोलल्या नाहींत. महिनाअखेर सर्वांचे खाडे वजा करून हिशेब पुरे केले. मोठीं पातेलीं, पराती, झारे मोडींत घातले. फक्त आमटी वाढण्याचें एक पितळी ओगराळें ठेवून घेतलें. चार माणसांच्या घरांत त्याचा कांहीं उपयोग नव्हता. पण दर दसऱ्यास त्या तें चिंचेनें घासून आमच्या पुस्तकांच्या व लेखण्यांच्या शेजारीं पूजेस मांडीत. पुस्तकांच्या पंक्तीस ओगराळें आम्हांस विचित्र वाटे. २००३ सालीं त्या गेल्या.

ज्या शिक्षकानें हजार वेळां 'श्रमाची प्रतिष्ठा' या विषयावर मुलांकडून निबंध लिहवून घेतले, त्याला त्या विषयाचा अर्थ वयाच्या साठाव्या वर्षीं, नदीच्या कडेवर, बुडालेल्या विद्यापीठाच्या नांवाच्या खाणावळींत कळला.

परत येतांना गाडींत सूनबाईंनीं विचारलें, "बाबा, आजींची कटाची आमटी एवढी प्रसिद्ध होती म्हणतात, ती कशी करीत असत?" आम्ही कुटुंबाकडे पाहिलें, कुटुंबानें आमच्याकडे. कोणासच सांगतां येईना. मातोश्रींचें सारें माप पन्नास ताटांचें. आणि पन्नास ताटें ज्या घरांत उठत तें घर आम्हींच बंद केलें होतें. आमच्यापाशीं त्यांची जमाखर्चाची वही आहे. तींत नांवें आहेत, खाडे आहेत, गूळ-डाळीचे भाव आहेत; किती डाळीला किती गूळ, हें कोठेंही नाहीं. तें लिहून ठेवण्याची त्यांस गरज नव्हती. रोज जो पदार्थ होतो त्याची कृति कोणी लिहीत नाहीं, आणि रोज होण्याचा थांबला म्हणजे लिहिण्यास कोणी उरत नाहीं. पोलिश लोकांचा स्वयंपाक टिकला याचें कारण हेंच कीं, चर्चच्या तळघरांत काय किंवा सोकोलोव्स्कींच्या कठड्यामागें काय, तो रोज किंवा दर शुक्रवारीं होत राहिला, आणि नवीं माणसें जुन्यांच्या शेजारीं उभीं राहिलीं.

या लेखाचा शेवट गोड करतां आला असता तर बरें झालें असतें. परंतु घडलें तें सांगितलें पाहिजे. २०२० च्या मार्चमध्यें करोनाच्या सांथीनें सर्व व्यवहार ठप्प झाले, तेव्हां या खाणावळीचेंही दार लागलें, आणि त्याच वर्षीं ती कायमची बंद झाल्याचें जाहीर झालें. शंभर वर्षें पुरीं होण्यास तीनच वर्षें उणीं होतीं. रांगेंत खेटून उभें राहणें, एका कठड्यावरून सर्वांनीं सरकत जाणें, हाच जिचा प्राण, तिला त्या सांथींत तगणें अवघडच होतें. चिरंजीवांनीं दूरध्वनीवर ही बातमी सांगितली तेव्हां आम्हांस घरचें कोणी गेल्यासारखें वाटलें. त्यांची खाणावळ बंद झाली आणि आमचीही बंद झाली होती, तेव्हां अंतीं दोन्ही सारख्याच, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें म्हणतां येत नाहीं. त्यांनीं दार लावलें तेव्हां सारें शहर हळहळलें. आमच्याकडे ज्या दिवशीं शेवटचें ताट उठलें त्या दिवशीं हळहळणारी एकच व्यक्ति होती, आणि तिला तसें बोलून दाखविण्याची सोय आम्हीं ठेविली नव्हती.

असो. तेव्हांपासून आम्हीं दोन गोष्टी करण्यास आरंभ केला आहे. मातोश्रींच्या जुन्या मेंबरांपैकीं जे हयात आहेत, सत्तरीच्या पुढचे, त्यांस पत्रें लिहून आमटीची चव त्यांच्या आठवणींतून जमवीत आहों. एकानें लिहिलें, आमसूल होतें; दुसऱ्यानें लिहिलें, आमसूल नव्हे, चिंच. सूनबाई तिकडे दोन्ही तऱ्हांनीं करून पाहतात आणि कळवितात. दुसरी गोष्ट, कोणी आमच्या घराण्याची चौकशी केली तर आम्ही प्रथम सांगतों कीं, कोल्हापुरास आमच्या मातोश्रींची खाणावळ होती.

ओगराळें अद्याप आमच्यापाशीं आहे. दसऱ्यास आतां तें आम्हीच घासतों. चिरंजीवांनीं तें क्लीव्हलंडास मागितलें आहे. पुढच्या खेपेस घेऊन जाऊं.